बांधीवर टांगलेला आवाज

सौंदडच्या स्टेशनजवळ टेप-रेडिओ दुरुस्त करणारा मनिराम विचारा, कोणीही दाखवेल. वरून सांगेल, संभाळून बोला, तो पेचकस फेकून मारते. मीच तो. पण बकारामच्या आवाजापुढं माहा राग काहीच नाही.

बकाराम माहा जुना दोस्त. आपल्या धानाच्या शेतात, बांधीत, उभा राहून ओरडला की धानावरचे राघू पार रुळापलीकडं उडत. दसऱ्याच्या आधी दुकानात आला, म्हणाला, "मन्या, गळा बसून राहिला बे. हाकारा टेपात भरून दे." त्याच्या अंगणात बसून अर्धा तास रेकॉर्डिंग केलं. पठ्ठ्या हाकारा कमी अन् गप्पाच जास्त मारे. मधीच बायकोले हाक मारे, मले शिव्या दे. मी त्यातला सात सेकंदांचा हाकारा कापला, दोन्ही टोकं जोडून गोल पट्टी केली. ती टेपात फिरत राहे. बकाराम घरी झोपला तरी बांधीत दिवसभर "हाऽऽ हुर्रऽऽ" चालू. उरलेली पट्टी त्याच्या बायकोनं, शकुंतलावहिनीनं, बांधीतल्या काठ्यांना ताणून बांधली. उन्हात चमकली की पाखरं भितात.

दिवाळीनंतर बकारामले लकवा मारला. जीभ उचलेना. डॉक्टरीणबाई म्हणाली, रोजचे शब्द पुन्हा पुन्हा ऐकवा, आताच ऐकवा. उशीर झाला तर मग काही सांगता येत नाही.

वहिनी धापा टाकत दुकानात आली. "मनिरामभाऊ, त्याईच्याच आवाजात ऐकवलं तर?"

गोल पट्टीत हुर्रशिवाय एक शब्द नव्हता. हुर्र ऐकून माणूस काय बोलणार, कप्पाळ!

"बाकीची पट्टी कुठं हाय?" वहिनीनं विचारलं.

"बांधली तर तुम्हीच ना!" मी खेकसलो, अन् लगेच जीभ चावली. कापून कोणी दिली होती? मीच.

सायकल हाणत बांधीत पोचलो. कापणी सुरू. काठ्या उपटून पट्टीचा गुंता बांधीच्या कडंले धुऱ्यावर फेकलेला, अन् एक बाई त्याले काडी लावायच्या बेतात.

"अवो थांब! माणसाचा आवाज हाय त्यात!" मी इतका ओरडलो की काडी तिच्या हातातून पडली.

दुकानात आणून कापसानं पुसली. कुठं रंग उडालेला, कुठं दवानं चिकटलेली. पहिला तुकडा लावला, नुसती खरखर. दुसरा, खरखर. पाचवा, खरखर.

"आलं का?" वहिनी.

"काऊन मधी मधी बोलून राहिल्या?"

सातव्यात बकाराम बोलला. "गुंजनची माय, पानी आन वो!"

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. गुंजन त्यांची मोठी पोरगी.

तेवढीच पट्टी गोल जोडली, शब्द मोकळे यावे म्हणून गती थोडी कमी केली, अन् बकारामच्या खाटेजवळ टेप लावला. पानी आन वो. पानी आन वो. तो आढ्याकडं पाहत पडलेला. अर्धा तास झाला. ओठही हलेना. मले रडू येऊन राहिलं होतं.

तेवढ्यात जोड सुटला. टेप बंद. मी शिव्या देत पट्टी बाहेर काढली.

"पाऽ... नी."

मी टेपाकडं पाहिलं. पट्टी तर माह्या हातात होती.

वहिनी कधीच उठून माठाकडं गेली होती.