किल्लीनं कान कोरणारा माणूस

मालिकेतला खाष्ट सासरा म्हणून घराघरांत शिव्या खाणारा भास्कर गांगुर्डे आधी अंबडच्या एका कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर होता. आमचा सुपरवायझर खैरनार. मनमाडला आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा भास्कर त्याच्याकडे रजा मागायला गेला. स्कूटरच्या किल्लीनं कान कोरत खैरनार म्हणाला, "रजा नामंजूर. म्हातारी कुठं पळून चाललीय?"

त्याच पाळीत ती गेली.

भास्कर भांडला नाही. नोकरी सोडली, नट झाला. दहा वर्षं हवालदार, न्हावी, एकदा तर नुसतं प्रेत! मग हा सासरा मिळाला आणि त्यानं खैरनार जसाच्या तसा उभा केला. तीच किल्ली, तोच कान, सुनेनं माहेरी जायचं विचारलं की तेच वाक्य. आता इंदिरानगरात खैरनार दिसला की पोरं खिशातून किल्ल्या काढतात. बरी जिरली मेल्याची! मला विचाराल तर कमीच झालं.

गेल्या रविवारी मी भास्करकडे बसलो होतो. दारात निवृत्त खैरनार हात जोडून उभा.

"गांगुर्डे, घरात नातूसुद्धा हसतो रे. लेखकाला सांगून त्या सासऱ्याला मारून टाक. मला सोडव."

भास्करनं खुंटीवरची किल्ली काढली, सावकाश कानात फिरवली.

"रजा नामंजूर."