गादीवालीची खाट

गादीवाली रस्त्याने निघाली की लोक हळूच दारं लोटून घ्यायचे. बाई वाईट नव्हती. तिच्या हातात खाट असायची, एवढंच.

खाट लोखंडी, चाकांची. पायाशी दांडा होता, तो फिरवला की उशाकडची बाजू वर यायची. ज्या घरात कॅन्सरचं माणूस शेवटाला लागलंय, तिथे ती स्वतः ढकलत न्यायची आणि काम संपलं की परत आणायची. ना भाडं, ना उपकाराची भाषा. चाकं मात्र अशी कुरकुरायची की अख्ख्या गल्लीला कळावं. एकदा तिने तेल घातलं, तर लोक म्हणाले, आता चोरपावलांनी यायला लागली. तेव्हापासून तिने चाकांना कुरकुरू दिलं.

तिचा नवरा घशाच्या कॅन्सरने गेला तेव्हा ती ऐन तरुण होती. गाद्या शिवणाऱ्याच्या घरात तो माणूस कडक फळीवर पडून गेला, हे तिला जन्मभर सललं. म्हणून खाटेची गादी ती स्वतःच्या हाताने करायची. कापूस सैल, टाके लांब, हाडांना काही रुतायला नको. माणूस गेलं की गादी उसवायची, कापूस उन्हात घालायचा, पिंजून पुन्हा भरायचा. दुकानाचा वरचा मजला तिने कॅन्सरचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना देऊन टाकला होता. तिथे काचेच्या बरण्यांत गाठी ठेवलेल्या असत. जिना दुकानातूनच होता, त्यामुळे डॉक्टरीणबाईंच्या केसांत कायम कापूस. त्या तो कधी झटकायच्या नाहीत, म्हणून गादीवालीचा त्यांच्यावर जीव.

आणखी एक काम होतं, ज्याला दुसरं कुणी धजत नव्हतं. माणूस गेलं की घरच्यांना विचारायचं, गाठ अभ्यासाला नेऊ द्याल का? डॉक्टरीणबाईंची जीभ तिथे टाळ्याला चिकटायची. गादीवाली मात्र खाली बसायची, पाणी मागून प्यायची आणि म्हणायची, "तिचं जे होतं ते तुमच्यापाशी राहिलं. जे तिचं नव्हतंच, तेवढं द्या." लोक रडायचे आणि द्यायचे. वाक्य चालतंय म्हटल्यावर तिने ते कधी बदललं नाही.

एका सुताराने मात्र बाप गेला त्या दिवशी तिला तोंडावर विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी दिलंय का हो आजवर? की लोकांच्याच मड्यांवर दानशूर?"

नवरा गेला तेव्हा वरच्या मजल्यावर गाठी नव्हत्या, कापसाचे गठ्ठे होते. पण हे ती बोलली नाही. खाट घेऊन निमूट परत आली. सुताराचं बोलणं गावभर झालं आणि ती जाईल त्या दारात लोक तेच विचारू लागले. वरच्या बरण्या रिकाम्या राहायला लागल्या.

त्यातच तिची धाकटी बहीण आजारी पडली. पोटात गाठ. "अशी गाठ अजून आपल्या वरच्या मजल्यावर आलेली नाही," डॉक्टरीणबाई बोलून गेल्या आणि मग स्वतःच जीभ चावली. धाकटीच्या नवऱ्याने ठरवलं, तिला सांगायचं नाही, अल्सर म्हणायचं. गादीवालीनेही चेहरा न हलवता अल्सर म्हटलं. धाकटीने लगेच मानलं, कारण ताई खोटं बोलत नाही हे तिला लहानपणापासून माहीत.

पडून पडून धाकटीच्या पाठीला जखमा झाल्या. गादीवालीला ते बघवेना. तिने गादीला नवं फुलाफुलांचं कापड घातलं आणि खाट घेऊन निघाली.

धाकटी खिडकीशी पडली होती. कुरकुर ऐकून नवऱ्याला म्हणाली, "अहो, कुणाकडे चाललीय बघा ना ताईची खाट. संपलं बिचारं कुणीतरी."

कुरकुर दारात येऊन थांबली.

"बघ तुझ्यासाठी काय आणलंय," गादीवाली आत येत म्हणाली. "कापड तर बघ."

धाकटीने कापड पाहिलं. खाट पाहिली. "अल्सरला खाट द्यायला लागलीस होय गं?"

आपण काय ढकलत आणलं ते गादीवालीला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती खाट तिच्या लेखी नुसती खाट होती.

धाकटी त्याच खाटेवर निजली, कारण पाठ जळत होती. आणि खाट मऊ होती, हे आणखी वाईट. एका दुपारी तिने ताईला जवळ बोलावलं.

"ते तुझं वाक्य माझ्या घरात बोलायचं नाही. मी गेल्यावर माझ्या अंगाला सुरी लावू द्यायची नाही. बोल."

"नाही लावू देणार."

"अल्सरसुद्धा अशीच म्हणाली होतीस."

"आता खरं बोलतेय गं."

धाकटी गेली तेव्हा उन्हं कलली होती. डॉक्टरीणबाई येऊन दारात उभ्या राहिल्या, केसांत कापूस. विचारलं काहीच नाही. गादीवाली दांडा फिरवून उशाकडची बाजू खाली करत होती.

"ताई," मेहुणे म्हणाले, "ती तुम्हाला काही बोलली होती का? गाठीचं?"

दांडा अर्ध्यात थांबला. गादीवालीच्या डोळ्यांपुढे धाकटी नव्हती. सुतार होता.

"नाही," ती म्हणाली. "काही बोलली नाही."

"मग तिचं जे नव्हतंच, तेवढं द्यायचं ना?" मेहुणे भोळे. तिचं मन राखायला तिचंच वाक्य बोलले.

"हो."

पुढे एक दिवस डॉक्टरीणबाई जिन्यावरून खाली आल्या. "ताई, तिची गाठ इतरांसारखीच निघाली. वेगळं काही नव्हतं."

गादीवाली फुलाफुलांचं कापड उसवत होती. "बरं," म्हणाली आणि पुढचा टाका तोडला.

त्यानंतर सुताराची बायको शेवटाला लागली. गादीवाली न बोलावता खाट घेऊन गेली. सुतार दारात आडवा उभा.

"मागे मी काय विचारलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय. धाकटी बहीण दिली."

सुताराची मान खाली गेली. तो बाजूला झाला, त्याने खाटेचं दुसरं टोक धरलं. उंबऱ्यावरून घेताना चाकं कुरकुरली, तसा आतून बाईचा बारीक आवाज आला, "अहो, कुणाकडे चाललीय ती खाट?"

सुताराने गादीवालीकडे पाहिलं.

"तुझ्याकडेच, बाई," गादीवाली म्हणाली.