पार्किंगमधल्या बाईचा पदर

आमच्या विरारच्या बिल्डिंगमध्ये दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये एक बाई बसते. अंग पेंढ्याचं नि चिखलाचं, वर घराघरातल्या कापडांचं ठिगळाठिगळांचं लुगडं. भातलावणी झाली की आम्ही सगळ्याजणी मिळून तिला घडवतो, कापणी झाली की मोडतो. चिखल शेतात परत जातो. लुगड्याची गोधडी होते, बिल्डिंगमध्ये ज्या घरी पाळणा हलणार असेल त्या घरासाठी. कल्पना पहिल्या मजल्यावरच्या, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाईंची. चिखल नि पेंढा मात्र माझ्या शेजारच्या काकींचा, त्यांच्या चांदीप गावच्या शेतातला.

पहिल्याच वर्षी काकींच्या सुनेला दिवस गेले होते. मी ऐटीत बाजारातून नवंकोरं कापड आणलं. काकींनी ते बोटांनी चुरगाळून पाहिलं आणि माझ्या हातात परत ठेवलं. नवं कापड बाळाला टोचतं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच हवं, म्हणे. चारचौघींत असं झाल्यावर माझा पारा चढला. तणतणत वर गेले, कपाट उघडलं. मऊ झालेली अशी घरात एकच साडी होती, माझ्या गेलेल्या आईची. रागाच्या भरात तिचा पदर टर्रकन फाडला आणि खाली नेऊन दिला.

परत जिना चढेपर्यंत राग उतरला आणि वाटलं, हे काय करून बसले! पण मागणार कुठल्या तोंडाने? चित्रकलेच्या बाईंनी तो नेमका मूर्तीच्या डोक्यावर चढवला होता. भाजीला जाता-येता मी तिथे थांबायची, पदर नीट आहे ना बघायची. वॉचमनने दोनदा विचारलं, काही हरवलंय का. हरवलं होतंच, पण त्याला काय सांगणार!

भात कापून झालं, बाई मोडायला घेतली. सगळ्याजणी टाके उसवत बसल्या होत्या. मी लाज गुंडाळून ठेवली आणि काकींना म्हटलं, हा तुकडा आईचा आहे, मला परत हवाय. त्यांनी तो उसवला, चिखल झटकून, घडी करून हातात दिला. मी तो धुऊन कपाटात ठेवला आणि सुटले एकदाची, असं वाटलं.

आठवड्याने गोधडी पाहायला गेले, तर मधोमध वीतभर भोक! मी चिडलेच. इतकी कापडं पडली होती, एखादं लावायचं ना तिथे? बघणारे काय म्हणतील?

काकी सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "ती जागा तुज्या आयची हाय. तिथं दुसरं कुनाचं कसं लावू?"

मी घरी आले, कपाट उघडलं. मग पदर घेऊन गेले आणि काकींच्या शेजारी बसून माझ्या हाताने शिवला. टाके वाकडे आले. काकींनी ते बोलूनही दाखवलं.

पुढच्या महिन्यात काकींना नात झाली. बघायला गेले तेव्हा बाईसाहेब गोधडीवर, बरोब्बर मधल्या तुकड्यावर पाय झाडत होत्या. माझ्यासमोरच पदर ओला केला. सून बिचारी ओशाळली, गोधडी ओढून काढायला धावली.

"राहू दे गं," मी म्हटलं, "माझ्या आईला सवय आहे."