आपोआप झालेली लेक

माझी पहिली लेक आपोआप झाली, असं मी सासऱ्यांच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत, छातीठोकपणे सांगितलं.

त्या दिवशी मी बायकोला आणि बाळाला घरी न्यायला धारूरला गेलतो. दारात आमची बैलगाडी जुंपून उभी. तिकडं नांदूरघाटला आई नातीच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली. 'दोघींना घेतल्याबिगर आलास, तर चुलीपाशी फिरकू नको,' असं तिनं बजावलेलं. सामान चढवायचं आणि निघायचं, एवढंच काम. पण मी नुकताच हैदराबादेहून शिकून आलो होतो (काय शिकलो ते दिसेलच!), आणि सासऱ्यांना देवाचा विषय काढल्याशिवाय पान गोड लागत नसे.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सीताफळ उकललं. "बघा जावईबापू. एकेका बीला येगळी गादी! हे काय आपसूक झालं? चूल दिसली की घालणारी असतीच. मग एवढं जग दिसतंय, त्याला कर्ता नको?"

गप्प बसून सीताफळ खावं की नाही? पण नाही!

"मामा, ही दलील कच्ची हाय. कारागीर एवढा हुशार, तर गरापरीस बियाच जास्त कशापायी घातल्या?"

मामांनी बी थुंकली, जरा विचार केला, आत गेले आणि बाळालाच घेऊन आले.

"बरं, सीताफळ ऱ्हाऊ द्या. ही नखं बघा, तांदळाच्या कणीएवढी. ह्या पापण्या बघा. हिला कर्ता न्हाई म्हणता?"

मी बाळाकडं पाहिलंसुद्धा नाही. वाद ऐन रंगात होता!

"कर्ताबिर्ता कुणी न्हाई, मामा! आपोआप झालीय ती!"

आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आमच्याकडं बायकांच्या तोंडी 'कर्ता' म्हणजे घरचा धनी, पोराचा बाप. जगबिग घडवणारा त्याच्या नंतर! सासूबाई दारात आल्या.

"अगं बया! काय म्हणाले?"

"तसं न्हाई मामी!" मी सावरायला गेलो. (इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं.) "माझं म्हणणं, कर्ता असंलबी. पण एकच कशावरून? चौघापाचांनी मिळून केलं असंल!"

मामांना ठसका लागला. गाडीवान संभानं, कुणी न सांगता, बैल सोडले.

आतून माझ्या बायकोचा, सरूचा, आवाज आला. वडीलधाऱ्यांसमोर ती माझ्याशी थेट बोलत नसे. "आई, त्यांना म्हणावं, पोरगी आपोआप झाली ना? मग तुमीबी आपोआप जावा घरला. आमी न्हाई येत."

शेवटचा शब्द रडका होता. माझं सगळं हैदराबाद तिथंच वितळलं.

मामांनी हसू दाबत बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या. आता तुमीच हुडका हिचा कर्ता."

बारशाला लांबून पाहिली होती, तेवढीच. हातात पहिल्यांदाच आली. केवढीशी! तिनं जांभई दिली, मान वळवली आणि टोपऱ्याखालून डावा कान बाहेर आला. वरून मुडपलेला, पानाला घडी घातल्यासारखा. माझा तसाच आहे, माझ्या वडिलांचाही होता. (त्या कानापायी लहानपणी गावभर चिडवून घेतलंय मी.) शहाणा कारागीर अशी चूक करत नाही, हेच मघापासून ओरडून सांगत होतो ना? आता ती चूक मला इतकी गोड वाटली, की डोळ्यांपुढचं धूसर झालं.

"मामा," मी कसाबसा म्हणालो, "ही... ही लई माझी हाय."

"आन् मग देव?" मामांनी संधी साधली.

"असंल तर असू द्या! आधी बैल जुंपा!"

सरू बोचकं घेऊन बाहेर आली. डोळे अजून लाल. तिनं लेकीला माझ्याकडून घेतलं, टोपरं सारखं केलं आणि मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं तिला म्हणाली,

"कान घेतलास तो घेतलास बाई. अक्कल तेवढी माझी घे."