पितळेचे खोखे

काही प्रकरणं फाईल बंद झाली की मनातूनही जातात. दुर्गाघाटावरचं हे प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं लक्षात आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बनारसमध्ये एका ठाण्याचा प्रमुख होतो. नावं देत नाही, कारण संबंधितांपैकी काहीजण अजून त्याच गल्लीत राहतात.

आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलं. घरी मराठी, बाहेर हिंदी. ठाण्यात माझ्याशिवाय कोणाला मराठी कळत नसे, म्हणून घाटांवरच्या मराठी घरांतल्या तक्रारी थेट माझ्या टेबलावर येत. नळाचं पाणी, माकडं, भाडेकरू. असंच एका सकाळी दुर्गाघाटावरच्या एक वयस्क काकू आल्या. माझ्या आईच्या ओळखीच्या. खुर्चीत बसण्याआधीच दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्या शिपायाला बाहेर पाठव. आपसातली बात आहे."

"काकू, त्याला मराठी येत नाही."

"चेहरा तर येतो ना वाचता?"

शिपाई बाहेर गेला. काकूंची तक्रार अशी होती. त्यांचा देवघरातला पितळी डबा दिसत नव्हता. आणि वरच्या मजल्यावरचा किरायेदार रोज सकाळी पितळेचे खोके घासत बसायचा. आदल्या दिवशी त्याच्याकडे आणखी एक माणूस आला होता.

"दोघं मिळून निवडत होते. 'यह खोखा पतला है, इसे अलग रखो.' माझ्या कानांनी ऐकलं. मग काहीतरी आगीवर धरतात आणि पाण्यात टाकतात. छस्स करून आवाज येतो. वितळवून विकतात की काय, कोण जाणे."

"किरायेदार करतो काय?"

"बँकेत आहे. साताऱ्याकडचा. यंदा रिटायर होणार. माणूस दिसायला सीधा आहे, म्हणून तर शक येतो."

त्या काळात मंदिरांतली, घरांतली पितळी भांडी उचलणारी टोळी फिरत होती. मी काकूंना घरी पाठवलं आणि आमच्या हेड मोहरीरना, म्हणजे ठाण्याच्या मुख्य लेखनिकांना, बोलावलं. ठाण्यातले सगळे त्यांना दीवानजी म्हणत. खबर लिहून घ्यायला सांगितली: पितळेच्या डब्यांचा संशय आहे, घर तपासायचं आहे.

दीवानजींनी लिहिता लिहिता विचारलं, "डिब्बे या बक्से, साहब? माताजी ने ठीक क्या कहा?"

"खोखा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "साहब, पुलिस की नौकरी में खोखा तो एक ही होता है."

खोखा म्हणजे उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी. हा शब्द मी स्वतः कितीतरी पंचनाम्यांत लिहिला होता. पण तो काकूंच्या मराठीत, देवघरातल्या डब्याच्या शेजारी बसून आला आणि मी त्याचा खोका करून टाकला. आता सगळ्याचा अर्थ बदलला. पूर्व उत्तर प्रदेशात देशी कट्टे घरोघर बनत होते आणि जुन्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं विकणं हा त्याला जोडलेला धंदा होता. याबाबत वरून सक्त आदेश होते. ठाण्याच्या रोजनामच्यात रवानगीची नोंद टाकली, चार शिपाई घेतले, गल्लीतून दोन पंच घेतले आणि निघालो.

दार किरायेदारानेच उघडलं. बनियन, लुंगी, नाकावर चष्मा. खिडकीखालच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर पितळेच्या पुंगळ्या ओळीत उभ्या होत्या. काही सोन्यासारख्या चमकत होत्या. दीवानजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मी मराठीत म्हणालो, "कमऱ्याची तलाशी घ्यायची आहे."

"साहेब, खोलीची झडती म्हणा. खालच्या काकूंशिवाय सहा महिन्यांनी कोणी मराठी बोललं आणि तेही असं."

"मराठी नंतर सुधारू. आधी कपाटाची किल्ली द्या."

किल्ली देता देता त्याने आपली भीती सांगितली. गुन्हा नोंदला गेला असता तर बँकेने त्याच दिवशी निलंबित केलं असतं, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरलेले असताना पेन्शन चौकशीत अडकली असती. धाकट्या मुलीचं शिक्षण चालू होतं. त्याने विनवणी केली नाही. फक्त म्हणाला, "जे करायचं ते नीट बघून करा."

कपाटात एक जुनी विलायती रायफल होती. परवाना बरोबर होता, नंबर जुळला. रायफल त्याच्या आजोबांची, शिकारीच्या काळातली. तिचं काडतूस बनवणं कंपनीने केव्हाच थांबवलं होतं आणि बाजारात ते मिळत नव्हतं. म्हणजे रायफल कायदेशीर आणि काडतूस कुठेच नाही. परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा. तेव्हा प्रश्न एवढाच होता की घरात बंदुकीची दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या किंवा गोळ्या आहेत की नाहीत.

आम्ही ट्रंका, पाण्याची टाकी, पिठाचा डबा, पुस्तकांची मागची बाजू, सगळं पाहिलं. मोरीच्या फळीवर एका बाटलीत काळी पूड सापडली. शिपायांचे चेहरे उजळले. दीवानजींनी चिमूटभर नाकाशी नेली, मग जिभेवर ठेवली आणि थोडा वेळ तोंड हलवत राहिले.

"क्या है?"

"नमक है साहब. लौंग है. दाँत के लिए अच्छी चीज़ है."

"आईने साताऱ्याहून पाठवलंय," किरायेदार म्हणाला. "हवं तर पंचांनाही द्या."

पंचांपैकी एक हसला. मी हसलो नाही, कारण काम संपलं नव्हतं. दारू आज नसली तरी उद्या येऊ शकत होती. त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला आणि टेबलावर पुंगळ्या मांडून विचारायला सुरुवात केली. या कुठून आल्या? त्याने सांगितलं, रायफल क्लबमधून. तिथे नेहमीच्या मापाची काडतुसं उडतात. त्यांचं बूड त्याच्या रायफलीच्या मापाचंच, पण पुंगळी लांब. ती कापून, तोंड शेकून मऊ करून, नव्या आकारात आणायची. क्लबच्या शस्त्रागाराचे मिस्त्री त्याला मदत करत होते. काकूंनी पाहिलेला दुसरा माणूस तोच.

"आणि भरणार कशाने?"

"दारू-गोळ्या परवानगी मिळाल्यावर आणणार. म्हटलं, आधी पुंगळ्या जमतात का बघू, मग अर्ज करू."

"बँकेत कर्ज आधी देता आणि अर्ज मागून घेता का?"

तो पहिल्यांदाच ओशाळला. "नाही. चुकलंच ते."

दीवानजींना हे पटलं नव्हतं. "केस तो बनती है साहब. मुकदमा कायम कर दीजिए, अदालत देख लेगी." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. टेबलावर पुंगळ्या होत्या, जवळ रायफल होती, वरून आदेश होते. गोड बोलून आम्हाला फसवणारेही कमी नव्हते.

मी जप्त माल ठेवतात त्या मालखान्यातून एका जुन्या प्रकरणातल्या पुन्हा भरलेल्या पुंगळ्या मागवल्या आणि शेजारी ठेवल्या. त्या काळपट, फुगलेल्या, तोंडाशी चिरलेल्या होत्या. धंदेवाल्याने एकही टाकून दिली नव्हती. जी हाती आली ती भरली आणि विकली. मग मी किरायेदाराला विचारलं, "तुम्ही बाद केलेल्या कुठे आहेत?"

"खिडकीखालच्या पोत्यात. तुमच्या माणसांनी भंगार समजून बाजूला सारलं."

शिपाई पोतं घेऊन आला. ते टेबलावर उलटं केलं आणि दीवानजी खुर्ची ओढून पुढे सरकले. ठेवलेल्यांपेक्षा बाद केलेल्या कितीतरी जास्त होत्या, आणि त्यातली एकूणएक पुंगळी पकडीने दाबून चपटी केलेली होती. कोणालाही पुन्हा वापरता येऊ नये अशी.

"ही का दाबली?" मी कुठे चीर नसलेली एक उचलून विचारलं.

त्याने खिशातून टोकाला वाकवलेली बारीक तार काढली, टेबलावरच्या, अजून न निवडलेल्या एका पुंगळीत घातली आणि बुडाजवळ फिरवली. "तारेवरच्या बोटाला आत खाच जाणवते. तिथे पितळ पातळ झालंय. पुढच्या बाराला तिथेच तुटेल, आणि रायफल गालाला लागलेली असते. मी नाही वापरणार, हे खरं. पण भंगारवाल्याकडून ती कोणाच्या हातात जाईल, ते मला ठाऊक नाही. म्हणून दाबतो."

दीवानजींनी चपट्या पुंगळ्यांतून हात फिरवला. मग म्हणाले, "बेचने वाला माल तोड़ता नहीं है, साहब."

प्रकरण तिथे सुटलं. क्लबच्या मिस्त्रींचा जबाब घेतला, तो जुळला. मी माझे वरिष्ठ, सीओ साहेब, यांच्यापुढे सगळा मुद्देमाल ठेवला. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "और कल को बारूद आ गया तो?" मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगल्या पुंगळ्या परवानगी मिळेपर्यंत क्लबच्या शस्त्रागारात जमा राहतील, घरी एकही नाही, आणि किरायेदाराला लेखी ताकीद. त्यांनी मान्य केलं. गुन्हा नोंदला नाही. काकूंचा डबा त्याच आठवड्यात त्यांच्या जावेकडे निघाला. हळदीकुंकवाला काकूंनीच दिला होता. काकूंनी याबद्दल माझ्याशी चर्चा केली नाही.

या प्रकरणानंतर मी ठाण्यात एक शिस्त लावली. खबर देणाऱ्याचा शब्द जसा असेल तसा लिहायचा, आपल्या शब्दांत घालायचा नाही. आणि स्वतःसाठी एक सवय ठेवली. झडतीत माणसाने काय जपून ठेवलंय ते सगळेच बघतात. मी तो काय बाद करतो आणि बाद केलेल्याचं काय करतो, तेही बघू लागलो. निवृत्त होईपर्यंत ही सवय मला खूप उपयोगी पडली.

किरायेदाराची परवानगी लांबली. ती येण्याआधीच तो ठरल्या दिवशी, ठरल्या पेन्शनवर निवृत्त झाला. बँकेतल्या निरोपाला त्याने मला आणि दीवानजींना बोलावलं. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. दीवानजींनी रबडीला पूर्ण न्याय दिला. शाखेच्या मॅनेजरनी माझ्याकडे बघून त्याला विचारलं, "आप लोगों का परिचय कैसे हुआ?"

शाखेत कोणालाच काही माहीत नव्हतं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हमारे गाँव के हैं."

मी आयुष्यात सातारा पाहिलेला नव्हता. मी मान डोलावली आणि त्याच्या हातात हार दिला.