ओल्या वाळूची पोती

माघ सरत आला तरी खजुरीच्या माळावरची थंडी हटली नव्हती. वारं मात्र पुरतं पडलं होतं. तुराट्यांच्या गंजीवरचा पाचोळाही हालत नव्हता. असा बिनवाऱ्याचा दिवस प्रेमानंदला कधीचा हवा होता, आणि तो आज उगवला हे बघून त्याची बायको, संध्या, अंधारातच उठली होती. तिनं गिरणी झाडली, हौदातलं पाणी काढलं, अंगणात सडा टाकला. मग प्रेमानंद अजून आत झोपलेलाच आहे ना, ते लोटलेल्या दारातून पाहिलं आणि घागर घेऊन शेडकडं गेली.

शेडमध्ये सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून ठेवली होती. काल नवरा-बायकोनं मिळून ती गिरणीच्या काट्यावर जोखली होती आणि प्रेमानंदनं प्रत्येक पोत्यावर खडूनं वजन लिहिलं होतं. संध्यानं एकेकाची सुतळी सोडली, तांब्यानं आत पाणी ओतलं, खालून गळणार नाही इतपतच, आणि पुन्हा गाठ मारली. कापसाच्या दिवसांत गाडी बाजाराला निघायच्या आधी लोक कापसावर पाणी मारतात, वजन वाढावं म्हणून. लहानपणापासून तिनं ते पाहिलं होतं आणि त्या लोकांना नावंही ठेवली होती. आज तीच लबाडी ती करत होती, नवऱ्याच्या विमानाचा पंख आजच्या चाचणीत मोडावा म्हणून.

प्रेमानंदची उमेदीची वर्षं हवाई दलात गेली होती. तो वैमानिक नव्हता. विमानांचे सांगाडे तपासायचे, तडा गेलेला भाग काढून नवा बसवायचा, हे त्याचं काम. तेवढ्या वर्षांत संध्यानं इथं एकटीनं गिरणी चालवली, सासू-सासऱ्यांचं केलं, मैत्रेयीला वाढवून लातूरला नर्सिंगला धाडलं. निवृत्त होऊन नवरा घरी आला तेव्हा तिला वाटलं, आता माणूस जमिनीवर राहील. तर त्यानं अल्युमिनियमच्या नळ्या आणल्या, कापड आणलं, आणि शेडमध्ये एका माणसापुरतं हलकं विमान बांधायला घेतलं. गावाला अपूर्वाई वाटली. संध्याला रात्री झोप येईना. पण जन्मभर ज्यानं दुसऱ्यांची विमानं उडण्यालायक करून दिली त्या माणसाला, तुझं एक उडवू नकोस, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला होता की पंखानं पुरता भार सोसला नाही तर सगळं करवतीनं कापून भंगारवाल्याला देईन. त्या एका शब्दावर ती वर्षभर तगली होती.

उन्हं वर आली तशी शेजारचा राघोबा आला, आणि बाजारात हमाली करणारा हावगेप्पा; काल जोखलेली पोती शेडमध्ये त्यानंच रचली होती. चौघांनी मिळून विमान शेडबाहेर काढून पालथं केलं आणि लोखंडी घोड्यांवर टेकवलं. चाकं आभाळाकडं, पंखांची पोटं वर.

राघोबानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "प्रेमा, उडायच्या आधीच पडल्यावानी दिसायलंय की रे हे."

प्रेमानंद हसला आणि त्याला समजावू लागला. उडताना हवा पंखाला खालून वर रेटते. इथं हवेचा रेटा कुठून आणायचा? म्हणून पंख उलटा करायचा आणि वरून वाळू ठेवायची. पंखाला कळतच नाही की आपण जमिनीवर आहोत. वळण घेताना, नाहीतर वाऱ्याचा हिसका बसला की त्याच विमानाचं वजन पंखाला तिप्पट-चौपट लागतं, तेवढा भार आज द्यायचा. तोही सगळीकडं सारखा नाही. बुडाकडं जास्त पोती, टोकाकडं कमी, कारण हवाही तशीच उचलते.

पोती निघाली. हावगेप्पानं पहिलंच पोतं खांद्यावर घेतलं आणि थांबला. "अण्णा, काल उचललो तवा हलकं व्हतं की हे."

"काल तू बी तरणा व्हतास," राघोबा म्हणाला, आणि तो विषय तिथंच मिटला. संध्या शेडच्या दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

थर चढत गेले, एकदा डाव्या पंखावर, एकदा उजव्या. प्रत्येक थरानंतर प्रेमानंद टोकाशी वाकून ते किती खाली आलं हे टेपनं मोजायचा. सांगाडा करकरायचा, मग शांत व्हायचा. दर करकरीला संध्याला वाटायचं, आता. शेवटचा थर चढला तेव्हा पंखांची टोकं चांगली वाकली होती. प्रेमानंदनं दोनदा मोजलं, कपाळाला आठी घातली, आणि घोड्याखालची माती पायानं दाबून पाहिली. पंख मोडला नव्हता.

राघोबाला चेव आला. "घाल की आणिक दोन. मी बी बसतो वर."

"न्हाई, एवढ्यावरच थांबायचं." प्रेमानंदचा आवाज एकदम कामावरचा झाला. "जास्ती झालं तर मोडत न्हाई, पर आतून दुखावतंय ते. वरून पहिल्यासारखंच दिसतंय. अन् मग वर गेल्यावर, आपला भरवसा बसल्यावर, दगा देतंय."

संध्याच्या हातातला पदर सुटला. पोती उतरेपर्यंत ती तिथंच खिळून राहिली. पंख वर आले, पण टोकं भाराआधीच्या मापापाशी पोचली नाहीत, बोटभर खालीच राहिली. प्रेमानंदनं ते पाहिलं आणि घोडा मातीत रुतला असेल असं स्वतःशीच म्हणाला. इतक्या वर्षांचा सावध माणूस, पण आज त्याला तसंच वाटून घ्यायचं होतं. राघोबा पेढे आणायला निघाला, हावगेप्पा हातपाय धुवायला हौदावर गेला.

प्रेमानंद तिच्याजवळ आला. "तुला मोडलेलं पायजे व्हतं, ठाव हाय मला," तो हळूच म्हणाला. "पर सोसलं बघ त्यानं."

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. आठ-पंधरा दिवसांत वाळू वाळली असती, काट्याला खडूचा आकडा पुन्हा बरोबर लागला असता. आणि मग उडवायच्या परवानगीचा सरकारी कागद आला असता, आणि एखाद्या सकाळी हा माणूस त्या पंखांखाली बसून वर गेला असता.

"वाळू वली हाय," ती म्हणाली. "मी सकाळी पाणी वतलंय पोत्यात. समद्या."

त्यानं एका पोत्याची सुतळी तोडली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढून बघत राहिला. मग ते पोतं काट्यावर नेऊन ठेवलं, दुसरं ठेवलं. आकडे बघताना त्याचे ओठ हालत होते.

"कामून?"

"मोडावं म्हणून."

"मोडलं न्हाई, मग गपच बसायचं की."

"तुमीच म्हणलाव न, आतून दुखावतंय म्हणून."

प्रेमानंदनं पातं घेतलं आणि पंखाला खालून टेकू देणारी नळी जिथं बोल्टनं जोडली होती तिथलं कापड चिरलं. महिनाभर खपून ताणून बसवलेलं कापड सर्रकन उघडलं. त्यानं बोल्ट काढला, बॅटरी धरली, आणि तिचं बोट घेऊन नळीतल्या भोकाच्या कडेवर ठेवलं. भोक गोल राहिलं नव्हतं. एका बाजूला ओढल्यासारखं लांबलं होतं. दुसऱ्या पंखाचंही तसंच.

"ह्या दोनी नळ्या गेल्या," तो म्हणाला. त्यानं बॅटरी विझवली. "तुला नको व्हतं तर आधी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंव?"

खोटं बोलणं सोपं होतं. "न्हाई," तो म्हणाला.

"आता सांगायलेय. मला न्हाई पायजे तुमी वर गेलेलं."

त्यानं मान हलवली; ऐकलं एवढंच त्यात होतं. हातातला बोल्ट पुसून त्यानं खिशात टाकला.

"नव्या नळ्या आणणार?" तिनं विचारलं.

"ठाव न्हाई," तो म्हणाला, आणि हे त्याच्या तोंडून तिनं विमानाच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात अंगणातून वच्छलाबाईनं हाक मारली; जवारीचा डबा घेऊन ती कधीची खोळंबली होती. संध्या गिरणीत गेली. बटण दाबलं, पट्ट्यानं वेग घेईपर्यंत थांबली आणि डबा वरच्या तोंडात रिकामा केला. पीठ उतरू लागलं तसं चिमटीत घेऊन चोळलं. जरा जाडं येत होतं. बारीक यावं म्हणून तिनं चाकाचा दांडा थोडा आवळला.