मेळाव्यातून काढून टाकलेली मुलगी

मी नाशिक रोडच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. दोन वर्षांपूर्वी, द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता तेव्हा, प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की एमबीएच्या कॉलेजांचा ऑनलाइन प्रवेश मेळावा होणार आहे आणि आपण त्यातले स्थानिक भागीदार आहोत. भरवणारी कंपनी मुंबईची. ठिकठिकाणच्या कॉलेजांचे प्रतिनिधी स्क्रीनवर येणार, मुलं मोबाइलवरून जोडली जाणार आणि प्रत्येक 'रूम' सांभाळायला आमच्यातला एकेक शिक्षक बसणार.

मी लगेच हो म्हटलं. आमच्या मुलींना अशा मेळाव्यासाठी पुण्याला जायचं तर आधी घरच्यांची परवानगी काढावी लागते, आणि ती मिळेपर्यंत मेळावा होऊन गेलेला असतो. घरबसल्या होतंय हे मला फारच चांगलं वाटलं. मी वर्गावर्गात जाऊन सांगितलं, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं.

त्या ग्रुपवरूनच एका मुलीचा फोन आला. मेळाव्याच्या तीन वर्षं आधी आमच्याकडून बी.कॉम. झालेली, पिंपळगाव बसवंतजवळच्या गावातली. कॉलेज सुटल्यावर ती एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पेट्यांवर चिठ्ठ्या लावायच्या कामाला लागली होती आणि आता चाळीस बायकांची अख्खी पाळी सांभाळत होती. तिला एकच विचारायचं होतं. हे काम एमबीएच्या प्रवेशाला अनुभव म्हणून धरतात का? मला खात्री नव्हती. मी म्हटलं, मेळाव्यात ये आणि थेट कॉलेजवाल्यांनाच विचार.

आदल्या दिवशी कंपनीच्या समन्वयक बाईंनी आम्हाला नियम सांगितले. माइक बंद ठेवायचे, प्रश्न चॅटमध्ये लिहून घ्यायचे, निवडक मुलांनाच बोलू द्यायचं, बोलणं इंग्रजीत. प्रतिनिधी बाहेरच्या राज्यांतले होते, त्यामुळे इंग्रजीचं मी समजू शकले. मुलांच्या मागची जागा 'प्रोफेशनल' दिसली पाहिजे, असंही त्या म्हणाल्या. ते मी लिहून घेतलं आणि विसरले.

शनिवारी दुपारी कॉम्प्युटर लॅबमध्ये मी माझी रूम उघडली. शंभराच्या वर मुलं होती. समोर एका मोठ्या कॉलेजचे प्रतिनिधी, कोट घातलेले. अर्ध्या तासाने त्या मुलीने हात वर केल्याची खूण दिसली आणि मी तिचा माइक उघडला. ती कामावरूनच जोडली गेली होती. डोक्याला जाळीची टोपी, मागे रचलेले क्रेट, पांढऱ्या दिव्याखाली उभ्या असलेल्या बायका. आवाज फारसा नव्हता. तिने अडखळत पण नीट इंग्रजीत सुरुवात केली, आपण कुठे काम करतो ते सांगितलं. प्रतिनिधी हसले आणि म्हणाले, तुम्ही बाजारातून बोलताय का? तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात तिची चौकट स्क्रीनवरून नाहीशी झाली.

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग समन्वयक बाईंचा मेसेज आला की त्यांनी तिला काढलंय आणि पुढचा प्रश्न घ्या. मी तिला परत आत घ्यायला गेले तर ते होईना. एकदा काढलेल्याला पुन्हा येता येत नाही, अशी व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती.

आणि मी पुढचा प्रश्न घेतला. हे मला लिहायला हवं. हॉस्टेल आहे का, प्लेसमेंट कशी आहे, अशा प्रश्नांवर दहा मिनिटं मी गोड आवाजात सूत्रसंचालन करत राहिले.

त्यानंतर एका मुलाला बोलायला मिळालं. गुबगुबीत सोफा, मागे पुस्तकांचं कपाट. तो बोलत असताना त्याचा कुत्रा एवढा भुंकायला लागला की प्रश्न ऐकूच येईना. प्रतिनिधी हसले. कुत्र्याचं नाव विचारलं, त्याला कॅमेऱ्यासमोर आणायला लावलं. समन्वयक बाईंनी चॅटमध्ये बदामाचं चित्र टाकलं. पोराला प्रश्न तीनदा विचारू दिला.

मी माझा माइक उघडला आणि म्हटलं, मघाशी काढलेल्या मुलीचा प्रश्न राहिलाय, तो मी विचारते. पॅकहाउसमध्ये चाळीस जणींचं काम बघणारीचा अनुभव धरता का? प्रतिनिधी जरा गोंधळले. मग म्हणाले, हो, पूर्णवेळ नोकरीचं पत्र असेल तर नक्की धरतो. एका वाक्याचं उत्तर होतं. समन्वयक बाईंचा मेसेज आला, कृपया यादीप्रमाणे चला.

मेळावा संपल्याबरोबर मी तिला फोन केला. तीच माफी मागायला लागली. "मॅडम, ऐन वेळेला रेंज गेली. मी क्रेटवर चढून पाहिलं, रस्त्यापर्यंत जाऊन आले, पण परत लागलंच नाही."

तिला रेंजचंच वाटू द्यावं, असं क्षणभर मनात आलं. पण मी खरं सांगितलं. तुला काढलं, म्हटलं.

"बायांनी माझ्यासाठी पेट्यांचा फिरता पट्टा बंद ठेवला होता मॅडम," ती म्हणाली. "आवाज नको म्हणून. आमची ताई लय बोलणार हाय म्हणत होत्या. आता त्यांना काय सांगू?"

अनुभव धरतात एवढं मी सांगितलं. बरं, म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा अहवाल आला. नाशिकचा प्रतिसाद उत्तम, ग्रामीण मुलींचा सहभाग विशेष उल्लेखनीय. हजेरीच्या यादीत तिचं नाव होतं. तिला सहभागाचं प्रमाणपत्रसुद्धा ईमेलने गेलं होतं. हाकलून दिलेल्या मुलीला मोजून घ्यायला मात्र हे विसरले नव्हते. मी दोन पानी तक्रार लिहून प्राचार्यांकडे नेली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "मॅडम, भावना पोचल्या. पण तक्रार नको, सूचना म्हणून लिहू या. पुढच्या वर्षी हेच लोक आपल्याला लागतील."

मी सूचना लिहिली नाही. तक्रार माझ्या नावाने थेट कंपनीला पाठवली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं आपोआप येणारं उत्तर आलं. त्यापुढे काहीच नाही.

त्या मुलीने त्या कॉलेजला अर्ज केला नाही. मी दोनदा सुचवलं, पण तिथे पुन्हा तोंड दाखवावंसं वाटत नाही म्हणाली. प्रवेश परीक्षा देऊन तिने पुढच्या वर्षी नाशिकमध्येच एमबीएला प्रवेश घेतला. मुलाखतीत तिला पॅकहाउसबद्दलच वीस मिनिटं विचारत होते, हे सांगताना तिचा आवाज चढला होता.

यंदा मेळाव्याचं पत्र पुन्हा आलं. कोणाला काढायचं असेल तर आधी रूम सांभाळणाऱ्या शिक्षकाला विचारायचं, एवढं लेखी मिळालं तरच मी बसेन, असं मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझी रूम दुसऱ्या एका प्राध्यापकांना दिली. मुलांनी मला विचारलं, मॅडम, मेळाव्याला जोडलं जायचं का? जा, म्हटलं, आणि बाहेर काढलं गेलात तर रेंजला दोष देऊ नका, आधी मला फोन करा.